यकृताच्या देवडीवरचे पहारेकरी

आमच्या घरी औषधांचा एक डबा आहे. मूळचा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर गुलाबाची फुलं असलेला. उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या, मुलांच्या तापाच्या सिरपची चिकट बाटली, बामची डबी, थर्मामीटर, आणि कुणाकुणाच्या जुन्या चिठ्ठ्या. तुमच्याकडेही असा डबा असेलच. आमच्या या डब्यापायी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस काय प्रसंग ओढवला आणि त्यातून मला काय काय कळलं, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे.

झालं असं, की सासूबाईंना चिकुनगुन्या झाला. वय सत्तरीच्या पुढे, वजन जेमतेम बेचाळीस किलो. अंगात ताप आणि सांधे असे धरलेले की हातात पेला धरवेना. डॉक्टरांनी तापासाठी साडेसहाशेची गोळी दिली, दिवसातून चार वेळा. नाक वाहत होतं म्हणून डब्यातली सर्दीची गोळी मी सकाळ-दुपार-रात्र सुरू केली. शिवाय गुडघ्यांसाठी मागे कधीतरी कुणी लिहून दिलेली एक गोळी होती. तिची पट्टी सासूबाईंच्या उशाखालीच असे. ती त्या दोन वेळा आपल्या आपण घेत होत्या. जेवण म्हणाल तर पेजेचे दोन घोट. शेजारच्या काकूंनी मायेने गुळवेलीचा काढा करून आणला होता, तोही चालू. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही हुश्श केलं. पण त्याच संध्याकाळी त्यांना मळमळ सुरू झाली, उलट्या झाल्या, पाण्याचा घोटही टिकेना. रक्त तपासलं, तर एस.जी.पी.टी. नऊशेच्या वर! ही संख्या एरवी चाळिसाच्या आसपास असते. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतला हा पदार्थ रक्तात सांडतो, म्हणून तो मोजायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काविळीच्या जंतूंच्या तपासण्या केल्या, त्यांत काही निघालं नाही. मग त्यांनी मला घरी पाठवलं. म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. सगळ्या म्हणजे सगळ्या." मी डबाच नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एकेक पट्टी उजेडात धरली आणि कागदावर आकडे मांडले. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, चार वेळा, म्हणजे २,६००. सर्दीच्या गोळीत तेच पॅरासिटामॉल ५००, तीन वेळा, म्हणजे १,५००. गुडघ्याच्या गोळीत दुसऱ्या एका औषधाच्या जोडीला पुन्हा तेच ३२५, दोन वेळा, म्हणजे ६५०. एकूण ४,७५०. धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा, आणि इथे बेचाळीस किलोची उपाशी म्हातारी, सलग चार दिवस.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांच्या वह्यांतल्या बेरजा तपासते. ही बेरीज मात्र माझ्याकडून राहून गेली.

गोळ्या त्याच क्षणी बंद झाल्या आणि सलाईनमधून उतारा सुरू झाला. पण दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट हातात आला आणि माझ्या पायांतलं बळच गेलं. नऊशेचे दोन हजार तीनशे झाले होते! मी विचारलं, "अहो डॉक्टर, गोळी तर कालच थांबली. मग हे वाढतंय कसं?"

त्या म्हणाल्या, "ज्या पेशी आधीच घायाळ झाल्या होत्या त्या आता पडताहेत. आणि आतले पहारेकरी खवळलेत. त्यांनी किती तारलं आणि किती मोडलं, यावर आमच्या शास्त्रज्ञांत तीस वर्षं वाद चालू आहे." एवढं बोलून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. पण 'पहारेकरी' हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. मी बी.ए.ला इतिहास घेतलेली बाई. पण रात्री पेशंटजवळ बसायचं तर वाचायला वेळच वेळ. पुढे डॉक्टरीणबाईंनाही बरंच विचारून घेतलं. त्यातून उमगलं ते असं.

वाड्याची देवडी

यकृत म्हणजे खरं तर आपलं काळीज. आपण कविता-गाण्यांत काळीज म्हणतो तेव्हा हात छातीवर ठेवतो, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर खाटीक बरोबर यकृतच काढून देतो. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव. त्यातून मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त फिरतं, आणि त्यातलं सुमारे तीन-चतुर्थांश थेट आतड्यांकडून एका मोठ्या शिरेने येतं. म्हणजे आपण जे जे खातो, पितो, गिळतो, ते अंगभर पसरण्याआधी इथून जातं. चांगलं तसंच वाईटही. आतड्यांत वस्तीला असलेल्या जंतूंचे तुकडेही या रक्तातून थोडेफार येतच असतात.

जुन्या वाड्यांना दिंडीदरवाजाच्या आत देवडी असे, आठवतं? येणाराजाणारा तिथल्या पहारेकऱ्यांच्या नजरेखालून जाई. यकृताच्या बारीक बारीक रक्तवाटांच्या भिंतींना चिकटून असेच पहारेकरी बसलेले असतात. त्यांचं नाव कुप्फर पेशी. शरीराच्या निरनिराळ्या अवयवांत ठाण मांडून बसलेल्या ज्या भक्षक पेशी आहेत, त्यांतल्या शेकडा ऐंशी ते नव्वद एकट्या यकृतात असतात. रक्तातून वाहत आलेला जंतू, जंतूचा तुकडा, म्हातारी झालेली तांबडी पेशी, जे नको ते पकडायचं आणि गिळून टाकायचं, हे त्यांचं रोजचं काम. एरवी या इतक्या शांत असतात की त्यांचा पत्ताही लागत नाही. आणि शांत राहणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे. आतड्यांकडून येणाऱ्या प्रत्येक किरकोळ गोष्टीवर त्या हाकाटी करू लागल्या, तर आपल्याला दोन घास सुखाने पचायचे नाहीत.

या नावाची एक गंमत आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर या शरीरशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये यकृताच्या कापांना सोन्याच्या क्षाराचा रंग देऊन पाहिलं, तेव्हा त्याला चांदणीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. पुढे भक्षक पेशींना त्याचं नाव चिकटलं. या पेशी भक्षक आहेत हे नीट ओळखण्याचं श्रेय मात्र क्राकावच्या तादेउश ब्रोविच यांना देतात. आणि १९७१ मध्ये जपानच्या केन्जिरो वाके यांनी दाखवून दिलं, की कुप्फरच्या त्या सोनेरी चांदण्या या पेशी नव्हत्याच. त्या शेजारच्या, जीवनसत्त्व 'अ' साठवणाऱ्या निराळ्याच पेशी होत्या. दारावर पाटी एकाची आणि आत बिऱ्हाड दुसऱ्याचं! पण पाटी काही बदलली नाही.

गोळीचं आत काय होतं

आता पॅरासिटामॉलकडे वळू. आधीच एक सांगते, नाहीतर हे वाचून कुणी ती गोळी उकिरड्यावर फेकेल. योग्य मात्रेत हे औषध चांगलंच आहे. डेंग्यूची शंका असेल तेव्हा तर तापाला हेच द्यायचं असतं, कारण ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुखणं सुरू होतं ते मात्रा ओलांडल्यावर.

जर्मनीत १८९३ मध्येच हे औषध माणसांना देऊन पाहिलेलं होतं, पण घरोघरी पोचलं ते १९५० नंतर. जादा मात्रेने यकृताच्या पेशी मरतात, हे १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी प्रथम नोंदवलं. आणि असं का होतं, हे १९७३ मध्ये अमेरिकेत जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. आपण घेतलेल्या गोळीचा बराचसा भाग यकृत बांधून-आवळून लघवीवाटे बाहेर पाठवून देतं. थोडासा भाग मात्र एका आडवाटेने जातो आणि त्यातून एक जहाल पदार्थ तयार होतो. हा पदार्थ जे समोर येईल त्याला जाऊन चिकटतो. त्याला आवरायला यकृताकडे ग्लुटाथायोन नावाची साठवण असते. ही साठवण शिलकीत असेपर्यंत जहाल पदार्थ तयार होतो आणि तिथल्या तिथे निकालात निघतो, आपल्याला काही कळतही नाही. साठवण आटली, की तो पेशीतल्या प्रथिनांना धरतो, पेशीच्या चुली विझवतो, आणि पेशी मरते.

ही साठवण होते कशातून? अन्नातल्या प्रथिनांतून. म्हणून जो चार दिवस जेवला नाही, ज्याचं अंग मुळात अशक्त आहे, त्याची कोठी लवकर रिकामी होते. 'पोटात काही नाही, निदान गोळी तरी घ्या' असं मी सासूबाईंना किती मायेने म्हणत होते!

उताराही याच माहितीतून निघाला. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध पूर्वीपासून कफ पातळ करण्यासाठी वापरात होतं. त्यातून यकृताला ग्लुटाथायोनचा कच्चा माल मिळतो. एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७७ पासून ते शिरेतून देऊन दाखवलं. जादा गोळ्या पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत उतारा मिळाला, तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. पुढे प्रत्येक तासागणिक हे रक्षण कमी होत जातं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पहिला दिवस. थोडी मळमळ, घाम, नाहीतर काहीच नाही. पेशंट म्हणतो, मला बरं वाटतंय. डोळे पिवळे व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि डोळे पिवळे होईपर्यंत थांबणं म्हणजे घर जळेपर्यंत बंबाला फोन न करणं. तरीही उशीर झाला म्हणून उतारा फुकट जातो असं समजू नका. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९९१ मध्ये दिसून आलं, की यकृत निकामी व्हायला लागल्यावर दिलेल्या उताऱ्यानेही जास्त रोगी वाचतात.

पहारेकरी कुणाच्या बाजूचे?

इथवर सारी रसायनांची करणी झाली. पहारेकरी येतात ते यानंतर. पेशी अशी फुटून मेली, की तिच्या आतला ऐवज बाहेर सांडतो. एरवी जो ऐवज कधी उघड्यावर दिसत नाही, तो रक्तवाटेत पडलेला पाहून कुप्फर पेशी जाग्या होतात. त्या रासायनिक हाका मारतात. त्या हाकांवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, हाडांच्या मगजातून नव्या भक्षक पेशींची कुमक येते. कुप्फर पेशी काही तिखट पदार्थही सोडतात. जंतू मारायला ते फार उपयोगाचे, पण इथे जंतू आहे कुठे? मग ते पदार्थ शेजारच्या, नुसत्याच हादरलेल्या पेशींना लागायचे. वाड्यात आग लागली म्हणून पहारेकऱ्यांनी दारं फोडावीत, कौलं उचकटावीत, आणि ज्या खोलीला झळही लागली नव्हती तिथलं सामान बाहेर फेकावं, तसं काहीसं.

हा संशय खरा आहे का, हे बघायला अमेरिकेत डेब्रा लॅस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर घेतले. गॅडोलिनियम क्लोराइड नावाच्या क्षाराने त्यांच्यातल्या भक्षक पेशी थंड केल्या आणि मग पॅरासिटामॉलची जबर मात्रा दिली. हे १९९५ मधलं काम. यकृताला इजा कमी झाली. झालं, निकाल लागला. पहारेकरीच दोषी!

पण सात वर्षांनी, २००२ मध्ये, सिंथिया जू या दुसऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतच आपल्या सहकाऱ्यांबरोबर निराळी रीत वापरली. औषध भरलेले स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म बुडबुडे टोचले. भक्षक पेशी ते आपण होऊन गिळतात आणि मरतात. अशा रीतीने कुप्फर पेशी जवळजवळ सगळ्याच नाहीशा केल्या आणि मग पॅरासिटामॉल दिलं. आता व्हायला हवी होती इजा कमी. प्रत्यक्षात झाली जास्त! गॅडोलिनियमने पहारेकरी नुसते अर्धेमुर्धे गप्प होतात, इथे देवडीच ओस पडली होती. आणि मग कळलं की हेच पहारेकरी भडका शांत करणारे संदेशही सोडत असतात. ते नसले तर आगीला आवर घालणारंच कुणी उरत नाही.

मला तर हे वाचताना अंगावर शहारा आला. दोघींचे प्रयोग खरे, दोघींचे निकाल उलटे. पुढच्या वर्षांत या वादाची काही गाठ सुटली आहे. जबर इजेत मूळच्या कुप्फर पेशींतल्या बऱ्याचशा स्वतःच नष्ट होतात. त्यांची जागा मगजातून आलेल्या नव्या भक्षक पेशी घेतात. या आल्या आल्या जरा तापट असतात. पण दोन-तीन दिवसांत त्यांचा स्वभाव पालटतो आणि त्या मेलेल्या पेशींचा राडारोडा गिळायला लागतात. तो उपसला गेल्यावाचून नव्या पेशींना जागा होत नाही. यकृत पुन्हा वाढतं हे आपण ऐकलेलं असतं. 'आता वाढा' असा इशारा देणाऱ्या पदार्थांतही या भक्षक पेशींचा वाटा आहे. तेव्हा पहारेकरी दोषी की निर्दोष, हा प्रश्नच बहुधा चुकीचा होता. कुठल्या दिवशी कोण पहाऱ्यावर होता, असं विचारायला हवं. अर्थात हे सारं मुख्यतः उंदरांतलं. माणसाच्या यकृतात घडीघडीला डोकावता येत नाही. आणि म्हणूनच या पेशींना लगाम घालणारं औषध डॉक्टर अजून पॅरासिटामॉलच्या रोग्याला देत नाहीत. नको त्या दिवशी दिलं तर साफसफाईच बंद पडायची.

सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंची नजर एस.जी.पी.टी.पेक्षा रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवर अधिक होती. रक्त गोठवणारे पदार्थ यकृतच बनवतं. तो वेळ वाढत गेला तर यकृत हात टेकतंय असं समजायचं. आमच्या नशिबाने तो थोडा वाढला आणि तिथेच थांबला. पाचव्या दिवसापासून सगळेच आकडे उतरायला लागले.

घेणारं माणूस आणि काढा देणारं माणूस

ज्या घरात रोज घेणारं माणूस आहे, तिथल्या बाईला हे सगळं निराळं सांगायला हवं. दारूने आतड्यांचं अस्तर सैल पडतं. त्यातून जंतूंच्या कवचातलं विष जास्त प्रमाणात झिरपून यकृताकडे येतं, आणि देवडीवरचे पहारेकरी रोजच खवळलेले राहतात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रोनाल्ड थर्मन यांच्या प्रयोगशाळेत १९९४ मध्ये दिसलं, की कुप्फर पेशी थंड केलेल्या उंदरांच्या यकृताला दारूने होणारी सुरुवातीची इजा टळते. वर दारूची सवय असली, की पॅरासिटामॉलला आडवाटेला नेणारी यकृतातली यंत्रणाही जास्त जोमात असते, आणि साठवणीची कोठी अर्धी रिकामी. तेव्हा रात्रीची डोकेदुखी उतरवायला सकाळी दोन, दुपारी दोन अशा गोळ्या त्या माणसाच्या हातावर ठेवताना आपल्यालाच विचार करायला हवा. तो करेल याची खात्री नाही.

आणि काढा. करोनाच्या दिवसांत आपण घरोघरी 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे उकळले. मीही उकळले. त्याच काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे असे काही रोगी आले, ज्यांचं यकृत बिघडलं होतं आणि जे नेमाने गुळवेल घेत होते. अशा सहा जणांची हकिगत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशाच ४३ रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जे दिसलं, ते पुष्कळ जणांत शरीराची स्वतःची संरक्षक फौजच यकृतावर उलटल्यासारखं होतं. काहींच्या बाबतीत आतल्या आत दबून असलेलं असंच दुखणं काढ्याने उघड्यावर आलं असावं, असा डॉक्टरांचा तर्क. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर आपल्याला घरात दोन्हीचा धडा सारखाच आहे. कुंपणावरून तोडून आणलेली वेल नक्की कुठली, हे शेजारच्या काकूंना तरी कुठे माहीत होतं?

आमच्या बाबतीत काढ्याने काही केलं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नक्की सांगता येणार नाही. गोळ्यांचा हिशेब एकटाच पुरेसा होता." पण पहारेकऱ्यांबद्दल वाचल्यापासून 'प्रतिकारशक्ती वाढवा' ही जाहिरात दिसली की मी थबकते. वाढवायची म्हणजे नक्की कुठली? हाका मारणारी की शांत करणारी? चहाच्या कपाने ओतून त्यातली हवी तेवढीच वाढवता येते, असं त्या यकृतातल्या गोष्टी वाचून तरी वाटत नाही.

डब्याचं नवं रूप

आता डब्याकडे येते. दवाखान्यातून परतल्यावर पहिल्या रविवारी मी तो रिकामा केला. प्रत्येक पट्टीवर ठळक अक्षरांत छापलेलं नाव निराळं. पण त्याखाली बारीक अक्षरांत जे असतं ते मी भिंग लावून वाचलं. तापाची, सर्दीची, अंगदुखीची, गुडघ्याची, आणि चौघीजणींच्या शिफारशीने आणलेली कमरेची, अशा पाचही पट्ट्यांत पॅरासिटामॉल! त्या पाचहींवर मी लाल शाईने एकच खूण केली. एका दिवसात लाल खुणेचं एकच औषध, हा नियम. दुसरं हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मुदत संपलेल्या आणि नाव फाटलेल्या पट्ट्या काढून टाकल्या. घरात कुणाला ताप आला तर दाराच्या मागे कागद लावते आणि गोळी देईल त्याने वेळ लिहायची. नाहीतर आई देते, मग बाबाही देतात, आणि आजी म्हणते, अजून दिलीच नाही वाटतं.

मुलांच्या सिरपचं तर विचारूच नका. त्यांत एकसारख्याच दिसणाऱ्या बाटल्या असतात. एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. तान्ह्यांसाठीचे ड्रॉप्स त्याहून कडक, एका मिलिलिटरमध्ये १००. म्हणजे ड्रॉप्सच्या बाटलीतलं औषध कुणी सिरप समजून चमचाभर पाजलं, तर मात्रा चौपट झाली. आणि चमचा म्हणजे तरी कुठला? आपल्या रॅकवर तीन आकारांचे चमचे असतात. बाटलीबरोबर आलेलं मापच वापरायचं. मुलांची मात्रा वयावर ठरवू नका, वजनावर ठरते. एका वेळेला दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चारहून जास्त मात्रा नाहीत. मुलाचं वजन माहीत नसेल तर आधी ते करून घ्या. माझ्या धाकट्याचं मी दोन वर्षांपूर्वीचंच धरून चालले होते.

आणि चुकून जास्त गेलं, मग ते लहान मुलाने बाटली तोंडाला लावलेली असो की कुणी रागाच्या भरात मूठभर गोळ्या घेतलेल्या असोत, तर 'बघू सकाळी' असं म्हणायचं नाही. मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडायचं नाही. रिकाम्या पट्ट्या आणि बाटली बरोबर घेऊन तडक मोठा दवाखाना गाठायचा. तिथे किती वाजता घेतलं ते सांगायचं, कारण डॉक्टरांचं पुढचं सारं गणित त्या वेळेवर चालतं. चारचौघांत नाव होईल म्हणून मूठभर गोळ्यांची गोष्ट लपवून ठेवणारी घरं आपल्या गावात आहेत. ते आठ तास लपवालपवीत गेले तर परत मिळत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९८ पासून साध्या दुकानातून एका वेळी सोळाच गोळ्यांचं पाकीट मिळेल असा कायदा केला. नंतरच्या वर्षांत या गोळ्यांनी होणारे मृत्यू बरेच घटले. घरात साठाच कमी असला, तर रागाच्या त्या अर्ध्या तासात हाताला लागतंही कमी. आमच्या डब्यात आता एका वेळी एकच पट्टी असते, आणि डबा कपाटात वरच्या फळीवर गेला आहे.

सासूबाई अकराव्या दिवशी घरी आल्या. सहा आठवड्यांनी एस.जी.पी.टी. अडतीस आली. तो कागद त्यांनी देवापुढे ठेवला. गुडघे अजून दुखतात, चिकुनगुन्याचं दुखणं जाता जाता महिने घेतं. परवा रात्री मी त्यांचं पांघरूण सारखं करत होते, तर उशाखाली हात घालून त्यांनी एक जुनी पट्टी बाहेर काढली. दोन गोळ्या उरलेल्या. "ही तुझ्या नजरेतून सुटली होती बघ," म्हणाल्या, आणि चष्मा मागून मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या.